उर्से टोलनाका आणि आतल्या वाटा

किवळे सोडून द्रुतगती मार्गाला लागलेली गाडी थोड्याच वेळात उर्से टोलनाक्याच्या लेनमध्ये शिरते. वरचा रीडर काचेवरचा फास्टॅग वाचतो, दांडा वर होतो आणि गाडी सुटते. टोल कापल्याचा एसएमएस मात्र त्याच क्षणी येईल असा नेम नसतो. कधी तो कामशेतच्या बोगद्याआधी येतो, कधी खंडाळा मागे पडल्यावर. नेटवर्क गेले असेल म्हणून आपण विषय सोडून देतो. नेटवर्कचा दोष असतोही, पण दांडा वर झाला त्या क्षणी बँकेने पैसे कापलेलेच नसणे हेही अगदी शक्य असते.

यात ढिसाळपणा नाही, ही मुद्दाम केलेली रचना आहे. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. तो क्रमांक नाक्याच्या संगणकाकडून नाक्याशी करार असलेल्या बँकेकडे जातो. तिथून तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे मुंबईच्या एनपीसीआयच्या, स्विचकडे पोहोचतो. स्विचजवळ ‘मॅपर’ नावाची मोठी नोंदवही असते. हा टॅग कोणत्या गाडीचा, कोणत्या बँकेने दिलेला आणि आज चालू आहे की बंद, हे तिथे कळते. मग मागणी टॅग देणाऱ्या बँकेकडे जाते, खात्यातून पैसे वळते होतात आणि उत्तर त्याच वाटेने उलटे येते. म्हणजे नाक्याची यंत्रणा, दोन बँका आणि मधला स्विच, अशा चौघांच्या यंत्रणांतून एका गाडीचा टोल फिरतो. प्रत्येक गाडीने या पूर्ण फेरीची वाट पाहत उभे राहायचे ठरवले, तर शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघालेल्यांची रांग कुठपर्यंत जाईल याची कल्पना करा.

म्हणून नाका वाट पाहत नाही. ज्यांना सोडायचे नाही अशा टॅगांची काळी यादी वरून त्याच्याकडे आधीच आलेली असते. टॅग त्या यादीत नसेल तर दांडा वर, हिशेब मागाहून. जुन्या पद्धतीत ही यादी ठरावीक वेळाने उतरवून घेतली जाई. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नव्या पद्धतीत, आयसीडी २.५ मध्ये, टॅगची स्थिती जवळपास त्या क्षणीच विचारता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनपीसीआयने नियम आणला, की टॅग वाचण्याच्या ६० मिनिटे आधीपासून वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंत काळ्या यादीत राहिला, तर तो व्यवहार नाकारला जाईल. बातम्या झाल्या, वाहनचालक घाबरले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला खुलासा करावा लागला, की हा नियम बँकांमधल्या वादांचा निकाल लावण्यासाठी आहे आणि नाक्यावरच्या ग्राहकाला त्याने फरक पडत नाही. पण त्या मिनिटांच्या हिशेबातून एक गोष्ट उघडी पडली: नाक्यापाशी असलेली माहिती आणि मध्यवर्ती माहिती यांच्यात थोडे अंतर राहणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे. १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रातल्या राज्य पातळीवरच्या नाक्यांवरही फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा उर्से-खालापूरची ही देवघेव जवळपास पूर्णपणे सॉफ्टवेअरच्या हाती गेली.

आता टॅग देणाऱ्या बँकेच्या आत डोकावू. बँकेगणिक रचना वेगळी असते, त्यामुळे हे उदाहरणापुरते. पूर्वी असे काम करणारा एकच अवाढव्य प्रोग्रॅम असे. अलीकडे त्याचे तुकडे करण्याची पद्धत आहे. टॅगच्या नोंदी पाहणारा एक, शिल्लक पाहणारा दुसरा, संशयास्पद व्यवहार हेरणारा तिसरा, खतावणी करणारा चौथा आणि एसएमएस पाठवणारा पाचवा. या तुकड्यांना मायक्रोसर्व्हिस म्हणतात. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनी मार्च २०१४ मध्ये या पद्धतीवर सविस्तर लेख लिहिला आणि तेव्हापासून हा शब्द हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत प्रत्येक मुलाखतीत विचारला जाऊ लागला. फायदा उघड आहे. एसएमएसचा तुकडा बदलायचा तर खतावणीला हात लावावा लागत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी ताण वाढला तर नेमक्या त्याच तुकड्याच्या चार प्रती जास्त चालवता येतात.

तोटा मात्र सुरुवातीला कोणी नीट सांगत नाही. जे काम पूर्वी एकाच प्रोग्रॅमच्या पोटात होत असे, ते आता नेटवर्कवरून होते. आणि नेटवर्क हे भरवशाचे कूळ नव्हे. समजा एका व्यवहारासाठी एकापाठोपाठ १० सर्व्हिस लागतात आणि त्यातली प्रत्येक लाखात फक्त १०० वेळा चुकते. ऐकायला हे उत्तम आहे. पण पूर्ण साखळी लाखात सुमारे १,००० वेळा तुटेल.

बाहेरून येणाऱ्या मागण्यांसाठी दारावर गेटवे बसवतात. कोण आले, ओळखपत्र खरे का, एकच ग्राहक सेकंदाला फार मागण्या तर पाठवत नाही ना, आणि ही मागणी आत कोणाकडे द्यायची, हे सगळे तो बघतो. नेटफ्लिक्सने आपला ‘झूल’ नावाचा गेटवे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला केला. आज काँग, एनजिनएक्स, एन्व्हॉय असे कितीतरी पर्याय आहेत. गेटवे समजायला सोपा आहे आणि जवळपास प्रत्येकाला लागतो, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

खरी गंमत आतल्या वाहतुकीत आहे. उर्से नाक्यावरून जाणारी प्रत्येक गाडी मोजली जाते. पण मावळातली वाहतूक काही फक्त नाक्यावरून जात नाही. कामशेतहून पवनानगरकडे, कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे, मळवलीहून भाज्याकडे दिवसभर दुधाचे टेम्पो, शाळेच्या गाड्या, एमआयडीसीचे कामगार ये-जा करत असतात. यातले कोणी नाका ओलांडत नाही, म्हणून कोणाच्या मोजणीतही येत नाही. पावसाळ्यात एखादा ओढा रस्त्यावर आला की त्या वाटेवरचे सगळे खोळंबतात, आणि नाक्यावरच्या पडद्यावर मात्र सारे आलबेल दिसते. सॉफ्टवेअरमध्ये नेमके हेच होते. बाहेरून आत येणाऱ्या वाहतुकीला या धंद्यात उत्तर-दक्षिण म्हणतात आणि आतल्या आतल्या वाहतुकीला पूर्व-पश्चिम. गेटवे पहिलीचा राखणदार असतो. मोठी प्रणाली बहुतेक वेळा आडवी होते ती दुसरीमुळे.

ती कशी आडवी होते ते पाहण्यासारखे आहे. खतावणीची सर्व्हिस काही कारणाने मंदावली. तिला हाक मारणाऱ्या सर्व्हिसला दोन सेकंदांत उत्तर मिळाले नाही, म्हणून तिने पुन्हा हाक मारली. प्रोग्रॅमरने भल्या बुद्धीने लिहून ठेवले आहे की तीनदा प्रयत्न करावा. तिच्या वरच्या सर्व्हिसनेही तसेच लिहिले आहे. तिच्याही वरच्या सर्व्हिसने तेच. आता वरून आलेली एक मागणी खाली खतावणीपर्यंत पोहोचते तेव्हा तिच्या ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७ मागण्या झालेल्या असतात. आधीच दमलेल्या सर्व्हिसवर सत्तावीसपट ओझे. रात्री दोन वाजता फोन वाजतो तो या गुणाकारामुळे. आणि फोन उचलणाऱ्याला पडद्यावर दिसते काय, तर गेटवे मंद झाला आहे. तो बिचारा गेटवेच पुन्हा सुरू करत बसतो.

यावरचे उपाय जुने आहेत. किती वेळ थांबायचे याची मर्यादा घाला. फेरप्रयत्नांना एकूण मर्यादा घाला. समोरची सर्व्हिस वारंवार चुकत असेल तर काही काळ तिला हाक मारणेच थांबवा. या शेवटच्या उपायाला सर्किट ब्रेकर म्हणतात, आणि मायकेल नायगार्ड यांच्या २००७ मधल्या ‘रिलीज इट’ या पुस्तकाने तो प्रोग्रॅमरांच्या बोलण्यात आणला. प्रश्न असा, की हे शहाणपण लिहायचे कुठे? आधी ते प्रत्येक सर्व्हिसच्या आत, लायब्ररी म्हणून घातले गेले. ट्विटरमध्ये ‘फिनॅगल’ होती, नेटफ्लिक्समध्ये ‘हिस्ट्रिक्स’. पण या लायब्ररी जावा आणि तिच्या भावंडांसाठी होत्या. एखाद्या चमूने पायथनमध्ये किंवा गो भाषेत सर्व्हिस लिहिली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय नियम बदलायचा झाला तर शंभर सर्व्हिसचे शंभर मालक गाठून, त्यांची मनधरणी करून, प्रत्येकाला नवी आवृत्ती चढवायला लावायची. कोणत्याही मोठ्या कंपनीत काम केलेल्या माणसाला यात काय दुखते ते माहीत आहे. तांत्रिक काम दोन दिवसांचे असते, मनधरणी सहा महिन्यांची.

सर्व्हिस मेशची कल्पना इथून निघाली. बोलण्याची रीत प्रोग्रॅमच्या आतून बाहेर काढायची आणि प्रत्येक सर्व्हिसच्या शेजारी एक छोटा मध्यस्थ बसवायचा. सर्व्हिसमधून बाहेर जाणारे आणि तिच्याकडे येणारे प्रत्येक बोलणे या मध्यस्थातून जाते. सर्व्हिसला त्याची खबरही नसते, कारण वाहतूक खालच्या पातळीवरच वळवलेली असते. या मध्यस्थाला सायडकार म्हणतात. ट्विटरमधून बाहेर पडलेल्या विल्यम मॉर्गन आणि ऑलिव्हर गोल्ड यांच्या बॉयंट कंपनीने २०१६ मध्ये ‘लिंकरडी’ आणली आणि ‘सर्व्हिस मेश’ हे नावही रूढ केले. त्याच वर्षी सप्टेंबरात लिफ्ट या टॅक्सी कंपनीत मॅट क्लाइन यांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला ‘एन्व्हॉय’ हा मध्यस्थ सर्वांसाठी खुला झाला. मे २०१७ मध्ये गूगल, आयबीएम आणि लिफ्ट यांनी मिळून एन्व्हॉयच्या आधारावर ‘इस्टिओ’ जाहीर केली. आज मेश म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते.

सगळ्या सायडकारना नियम पुरवणारी एक मध्यवर्ती यंत्रणा असते, तिला कंट्रोल प्लेन म्हणतात. प्रत्यक्ष वाहतूक हाकणारे सायडकार म्हणजे डेटा प्लेन. उर्से नाक्यावरच्या यादीची इथे आठवण व्हावी. यादी वर तयार होते, पण दांडा वर करायचा की नाही हे लेनवरच ठरते. तसेच इथेही: कंट्रोल प्लेन बंद पडली तरी सायडकार शेवटचे मिळालेले नियम पाळत काम चालू ठेवतात. नवे बदल तेवढे पोहोचत नाहीत. फार वेळ बंद राहिली तर मात्र एक अडचण येते. इस्टिओमध्ये प्रत्येक सर्व्हिसला ओळखीचे प्रमाणपत्र कंट्रोल प्लेनकडून मिळते आणि मूळ मांडणीत ते २४ तासांचेच असते. ही प्रमाणपत्रे वापरूनच दोन सर्व्हिस एकमेकींची ओळख पटवतात आणि मधले बोलणे कूटबद्ध करतात. या दुतर्फी ओळखीसाठीच अनेक बँका मेशकडे वळतात. आतल्या नेटवर्कमध्ये कोणी घुसला, तरी त्याला शिल्लक पाहणाऱ्या सर्व्हिसशी सहज बोलता येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

दुसरे आकर्षण नवी आवृत्ती चढवण्याचे. घाटातला अमृतांजन पूल १८३० मधला. त्याखालून द्रुतगती मार्ग जात होता आणि त्याचे खांब कित्येक वर्षे कोंडीचे कारण ठरत होते. तो पाडायला एप्रिल २०२० उजाडावा लागला, कारण टाळेबंदीत घाट रिकामा मिळाला. सॉफ्टवेअरच्या घाटाला असा मुहूर्त कधी मिळत नाही. मेशमध्ये नवी आवृत्ती जुनीच्या बाजूला उभी करून आधी शंभरातली एक मागणी तिच्याकडे वळवता येते, मग पाच, मग पंचवीस. मध्येच चुका वाढल्या तर एका नियमाने सगळी वाहतूक परत जुनीकडे. ग्राहकाला कळतही नाही. गेटवेवरही हे करता येते, पण फक्त दारावरच्या सर्व्हिससाठी. चार पायऱ्या आत असलेल्या खतावणीची नवी आवृत्ती अशी हळूहळू सुरू करायची तर मेशशिवाय बराच खटाटोप पडतो.

इतके सारे फुकट कसे मिळेल? मिळत नाही. आणि मेशची जाहिरात करणारे जिथे आवाज खाली आणतात, तिथेच थांबून बघायला हवे.

मेशला मागण्या दिसतात, त्यांचा अर्थ कळत नाही. ‘शिल्लक किती?’ हा प्रश्न चारदा विचारला तर बिघडत नाही. ‘टोल कापा’ हे चारदा सांगितले तर बिघडते. उत्तर आले नाही याचे दोन अर्थ असतात: काम झालेच नाही, किंवा काम झाले पण निरोप वाटेत हरवला. सायडकारला या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. फेरप्रयत्नाचा नियम सरसकट लावला, तर एकाच गाडीचा टोल दोनदा कापला जाण्याची सोय आपणच करून ठेवली असे होते. यावर उपाय एकच: प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न कापता आधीचेच उत्तर परत द्यायचे. हा उपाय खतावणीच्या प्रोग्रॅममध्येच लिहावा लागतो. कोणतीही मेश तो लिहून देत नाही. त्यातून इस्टिओ मूळ मांडणीतच काही प्रकारच्या अपयशांवर २ फेरप्रयत्न करते. प्रोग्रॅमच्या आत आधीचे तीन प्रयत्न तसेच राहिले असतील, तर गुणाकार पुन्हा सुरू. मेश बसवण्याआधी जुन्या लायब्ररीतले फेरप्रयत्न शोधून काढून टाकणे हे खरे काम आहे आणि ते कंटाळवाणे असल्याने नेमके तेच राहून जाते.

एका मागणीचा प्रवास सर्व सर्व्हिसमधून मागोवा घेत दाखवण्याचे मेशचे आश्वासनही अर्धेच खरे. सायडकार प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवतो. पण आत आलेल्या मागणीवरची खूण बाहेर जाणाऱ्या मागणीवर पुढे चिकटवणे हे सर्व्हिसनेच करायचे असते. ती विसरली की नोंदींचे सुटे तुकडे हाती येतात, साखळी जुळत नाही.

मग खर्च. दोन सर्व्हिसच्या मध्ये दोन जास्तीचे मध्यस्थ आले, म्हणजे थोडा वेळ वाढला. प्रत्येक सर्व्हिसच्या प्रत्येक प्रतीसोबत एक सायडकार, म्हणजे मेमरीचे बिल वाढले. लिंकरडीने म्हणूनच रस्ट भाषेत स्वतःचा हलका मध्यस्थ लिहिला. इस्टिओने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘अँबियंट’ नावाची वेगळी रचना पुढे आणली आणि नोव्हेंबर २०२४ मधल्या १.२४ आवृत्तीत ती पक्की केली. तिच्यात शेजारचा मध्यस्थच नाही. प्रत्येक मशीनवर एक सामाईक मध्यस्थ असतो, तो ओळख आणि कूटबद्धता बघतो. मागण्यांचा आशय पाहून नियम लावायचे असतील, तरच वेगळा मध्यस्थ उभा करायचा. म्हणजे ज्या सायडकारवर ही सगळी कल्पना उभी राहिली, त्यालाच सात-आठ वर्षांत पर्याय शोधावा लागला.

त्याहून मजेशीर गोष्ट मार्च २०२० ची. मायक्रोसर्व्हिसची वाहतूक सांभाळणाऱ्या इस्टिओची स्वतःची कंट्रोल प्लेन तेव्हा पायलट, सिटाडेल, गॅली, मिक्सर अशा मायक्रोसर्व्हिसमध्ये विभागलेली होती. ती चालवताना लोक हैराण झाले. १.५ या आवृत्तीत हे बहुतेक तुकडे पुन्हा एकत्र करून ‘इस्टिओडी’ हा एकच प्रोग्रॅम केला गेला. कारण सरळ होते: ते सगळे तुकडे एकच चमू, एकाच वेळी, एकत्रच चढवत होता. मग वेगळे ठेवून फायदा काय? मेश बनवणाऱ्यांनीच इतक्या मोकळेपणाने विचारलेला हा प्रश्न, मेश घेऊ पाहणाऱ्याने आधी आपल्या सर्व्हिसबद्दल विचारून पाहावा.

माझे मत असे, की तळेगावात किंवा हिंजवडीत पाच-सहा जणांचा चमू आठ-दहा सर्व्हिस चालवत असेल, आणि सगळ्या एकाच भाषेत लिहिल्या असतील, तर त्याने मेशच्या वाटेला जाऊ नये. दारावर एक बरा गेटवे, प्रत्येक हाकेला वेळेची मर्यादा, फेरप्रयत्न एकाच जागी आणि व्यवहारांना क्रमांक, एवढ्यावर बरीच वर्षे निघतात. सर्व्हिस शंभराच्या घरात गेल्या, भाषा तीन-चार झाल्या, लेखापरीक्षक आतल्या कूटबद्धतेचा पुरावा मागू लागले, आणि मेश हे ज्यांचे मुख्य काम असेल अशी दोन-तीन माणसे पदरी असतील, तर चित्र बदलते. यातली शेवटची अट लोक विसरतात. मेश बसवणारा इंजिनिअर वर्षभरात दुसरीकडे जातो आणि मागे राहिलेल्यांना नियमांच्या फायलींना हात लावायची भीती वाटते. विकत घेतलेली सेवा वापरली तरी भवितव्य आपल्या हाती नसते. ॲमेझॉनने आपली ‘ॲप मेश’ ३० सप्टेंबर २०२६ नंतर बंद होणार असे दोन वर्षे आधीच कळवून टाकले.

दाराच्या बाजूलाही सगळे स्थिर आहे असे नाही. अशा सर्व्हिस चालवणाऱ्या कुबरनेटीस या यंत्रणेवर वर्षानुवर्षे सर्रास वापरला गेलेला ‘इन्ग्रेस एनजिनएक्स’ हा प्रकल्प मार्च २०२६ नंतर सांभाळला जाणार नाही, असे त्याच्या राखणदारांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याची जागा घ्यायला ‘गेटवे एपीआय’ ही नवी पद्धत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि मे २०२४ च्या १.१ मध्ये आतल्या वाहतुकीसाठीही ती पक्की झाली. कोणती मागणी कुठे, किती प्रमाणात पाठवायची हे तिच्यात ‘एचटीटीपीरूट’ नावाच्या नोंदीत लिहितात. त्या नोंदीवर पालक म्हणून गेटवेचे नाव घातले तर नियम दारावर लागू होतो, आणि आतल्या एखाद्या सर्व्हिसचे नाव घातले तर त्या सर्व्हिसकडे जाणाऱ्या आतल्या वाटेवर. त्यामुळे आज फक्त गेटवे घेणाऱ्या चमूने नियम या पद्धतीने लिहून ठेवले, तर पुढे मेश घ्यायची वेळ आलीच तरी नवी लिपी शिकावी लागणार नाही.